सहा विषय आणि आईची पाटी

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीतल्या वानखेडेबाई मुद्दाम घरी आल्या. मूळच्या अकोल्याच्या, नवराबायको दोघंही आयटीत, आणि मुलगी यंदा दहावीला. बाईंच्या हातात महाळुंग्याकडच्या कुठल्याशा शाळेचं गुळगुळीत माहितीपत्रक होतं. “ताई, तुम्ही तो आंतरराष्ट्रीय डिप्लोमा केलाय म्हणे. हे नेमकं काय असतं ते एकदा साध्या भाषेत सांगा ना. मला तर यातलं काही म्हणता काही कळलं नाही,” त्या म्हणाल्या. आता बावधनपासून पुढं दर वळणावर असली शाळा आहे. आमच्या वेळी आख्ख्या मुळशीत एकच होती, आणि ती आमच्या गावाच्या डोक्यावर, टेकडीवर होती. मी कॅलेंडरचं मागच्या महिन्याचं पान फाडलं, उलटं केलं आणि एक षटकोन काढला. सहा बाजू, सहा गट. पहिली स्वतःची भाषा आणि तिचं साहित्य. दुसरी परकी भाषा. तिसरी समाजशास्त्रं, म्हणजे इतिहास, भूगोल, अर्थशास्त्र यांपैकी एक. चौथी विज्ञान, पाचवी गणित, सहावी कला, आणि कला नको असेल तर आधीच्या गटांतला आणखी एक विषय. सहापैकी तीन खोलात जाऊन शिकायचे, तीन बेताचे. दोन वर्षं. प्रत्येक विषयाला सातपैकी गुण. बाई भराभर लिहून घेत होत्या. मग मी षटकोनाच्या मधोमध एक गोल काढला आणि त्यात तीन गोष्टी लिहिल्या: चार हजार शब्दांचा निबंध, ज्ञानाचा सिद्धांत, आणि तिसरी, कला-श्रम-सेवा. “या तिसऱ्याला गुण किती?” बाईंनी विचारलं. “गुण नाहीत. पण ते केल्याशिवाय डिप्लोमा मिळत नाही,” मी म्हणाले आणि चहा टाकते म्हणून उठले. ओट्याशी उभी राहिले तर डोळे भरून आले. काय झालं ते बाईंना सांगण्यासारखं नव्हतं. ते आता इथं लिहिते.

आमचं घर टेकडीच्या पायथ्याला, बौद्धवस्तीत. दोन खोल्या, पुढं पडवी, भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्या शेजारी निळ्या कोटातली. आबा गवंडीकाम करायचे. लवासाचं काम निघाल्यावर ते तिकडं गेले आणि काम बंद पडल्यावर परत आले, पण ते नंतरचं. आई शाळेच्या मेसमध्ये चपात्या लाटायला होती, शाळा उघडली तेव्हापासून. पहाटे उठून आमचा स्वयंपाक करायची आणि उजाडता उजाडता टेकडी चढून जायची. परत यायची तेव्हा तिच्या लुगड्याला कसलातरी अनोळखी वास यायचा. कधी भाजलेल्या पावाचा, कधी परदेशी पाल्याचा. “त्ये लोक भातात दूध घालून भट्टीत भाजत्यात,” ती सांगायची आणि आबा घास तोंडात धरून हसायचे. मला ते ऐकायला फार आवडायचं. आमच्या घरी गोष्टी सांगायची रीत नव्हती, पण आईच्या मेसमध्ये रोज एक गोष्ट घडायची.

मी पौडच्या शाळेतून दहावीला बरी पास झाले. गावातल्या मुलांसाठी वरच्या शाळेत एक-दोन जागा असतात, फीसुद्धा माफ होते, ही खबर आईनं चपात्या लाटता लाटता ऐकली. ज्या बाईला एक अक्षर वाचता येत नव्हतं, तिनं ऑफिसात जाऊन फॉर्म मागितला आणि चपात्यांच्या फडक्यात गुंडाळून घरी आणला. फॉर्मवर पिठाची बोटं उमटली होती. मी ती खोडरबरानं पुसत बसले आणि आणखीच घाण केली. मुलाखत झाली, चाचणी झाली, माझं नाव लागलं, आणि मग पुण्याहून मामा आला. मामा सरकारी कचेरीत कारकून. आमच्या सगळ्या गोतावळ्यात शिकलेला तोच, त्यामुळं घरातल्या कुठल्याही कागदावर शेवटचा शब्द त्याचा.

“सायन्स का आर्ट्स?” मामानं बसता बसता विचारलं.

“दोन्ही,” मी म्हणाले.

“दोन्ही कसं? एक सांग.”

मी त्याला षटकोन काढून दाखवला. त्यानं चष्मा वर केला, खाली केला. मराठी आहे, इंग्रजी आहे, भूगोल आहे, जीवशास्त्र आहे, रसायन आहे, गणितही आहे. “म्हणजे ना धड सायन्स, ना धड आर्ट्स,” तो आईला म्हणाला. “ताराक्का, पोरगी हुशार हाय, तिचं वाटोळं करू नगंस. पुण्याला माझ्याकडं ठिव, बारावी सायन्स करू दे.” आई भाकरी थापत होती. ती म्हणाली, “आन्ना, एका ताटात भाकरी, भात, कोरड्यास, चटणी समदं आसतंय. त्याला कुनी म्हनतं का, ह्ये धड जेवन न्हाई?” मामानं चष्मा काढून खिशात ठेवला. मला आजवर कुठल्या शिक्षणतज्ज्ञाकडून यापेक्षा सोपी व्याख्या ऐकायला मिळालेली नाही.

नियमाप्रमाणं मला वसतिगृहात राहावं लागलं. घर चालत अर्ध्या तासावर, आणि मी मात्र आमच्याच टेकडीवर पाहुण्यासारखी. खोलीत चौघीजणी होतो. एक केनियाची, एक आसामची, एक उरुग्वेची लुसिया आणि मी. खिडकीतून खाली आमची वस्ती दिसायची. पौर्णिमेला विहारातली वंदना कर्ण्यावरून वर ऐकू यायची आणि मी पुस्तकात बोट ठेवून मनातल्या मनात पुढचे शब्द म्हणायची. तिघींना वाटायचं, काहीतरी पाठ करतेय. दुपारी वाऱ्याची दिशा बदलली की खालच्या पिठाच्या गिरणीचा आवाज यायचा. त्या आवाजानं मला भूक लागायची, मेसमध्ये नुकतंच पोटभर जेवलेली असले तरी.

मेसमध्ये पहिल्या दिवशी मी ताट घेऊन रांगेत उभी राहिले. पलीकडं चपात्या वाढायला आई. माझ्या आधी वीसेक मुलं होती आणि मला कळेना की पुढं गेल्यावर काय म्हणायचं. ते सगळे तिला मावशी म्हणत होते, आपापल्या चालीत. फ्रेंच मुलगा तर असं म्हणायचा की ते एखाद्या अत्तराचं नाव वाटावं. माझा नंबर आला. आईनं चपाती वाढली आणि हळूच म्हणाली, “हितं समद्यांसारखं मावशी म्हनायचं. आई घरी.” “का?” “तुला भाकर बी मीच घातली आन् साळंत बी मीच घातली, आसं कुनी म्हनाया नगं. तू तुज्या हुशारीवर आलीयास.” मी मान हलवली. पुढची दोन वर्षं मी माझ्या आईला दिवसातून तीनदा मावशी म्हणाले. सुरुवातीला जीभ अडखळायची. मग सवय झाली, आणि सवय झाली याचंच मला आज जास्त वाईट वाटतं.

अभ्यास जड होता, पण मला तो आवडला. मराठीला शिक्षक नव्हते. ज्या भाषेला शिक्षक नसेल ती विद्यार्थ्यानं स्वतःच शिकायची अशी तिथं सोय होती. माझ्या नावावर पुस्तकांचं एक कपाट आणि ग्रंथालयातला एक कोपरा. लुसियाची मातृभाषा स्पॅनिश, त्यामुळं तिची पहिली बाजू तिथंच भागली. दुसऱ्या बाजूला तिनं काय घ्यावं? हिंदी, तीही शून्यापासून. शून्यापासून भाषा घेता येते हेही त्या षटकोनातलंच एक कलम. ती रात्री जेवणाआधी वहीत क, ख, ग गिरवायची आणि ‘ळ’ दिसला की कपाळाला हात लावायची, कारण तो हिंदीच्या पुस्तकात नव्हता, पण आमच्या गावच्या एसटीवर होता. चार हजार शब्दांचा निबंध मी जीवशास्त्रात घेतला, भाताच्या बांधातल्या खेकड्यांवर. कुठल्या बिळात खेकडा आहे आणि कुठलं रिकामं, हे आईला बिळाच्या तोंडावरच्या मातीवरून कळायचं. ज्ञानाच्या सिद्धांताच्या तासाला सर आम्हाला सारखं एकच विचारायचे, हे तुला कशावरून कळलं? एकदा सुट्टीत बांधावर मी आईला तेच विचारलं. ती म्हणाली, “वली माती भायेर आली म्हंजी आत कुनीतरी राबतंय.” मी ते वाक्य निबंधात घातलं. त्या रविवारी आईनं त्या खेकड्यांचा रस्सा केला, वर नवीन आंबेमोहराचा भात. तसा भात आता मिळत नाही. बावधनच्या दुकानात आंबेमोहर असं लिहिलेलं पोतं असतं, मी दरवेळी वास घेते आणि परत ठेवते.

आता त्या तिसऱ्या गोष्टीकडं येते. कला-श्रम-सेवा, दीडशे तास. हल्ली म्हणे तास मोजत नाहीत, काय शिकलात तेवढंच लिहायचं. आमच्या वेळी मोजत, आणि प्रत्येकाची एक फाईल असे. कुणी गावातल्या अंगणवाडीची भिंत रंगवायचं, कुणी फुटबॉल शिकवायचं. आमच्याच गावात येऊन भात लावायला मदत केली की परदेशी मुलांना सेवेचे तास मिळायचे. मी लहानपणापासून दर आषाढात गुडघाभर चिखलात उभी राहिले होते, पण ते माझ्या फाईलीत बसत नव्हतं. मला याचा राग येण्याऐवजी हसूच यायचं. मग मला एक कल्पना सुचली. मेसमधल्या बायकांपैकी बऱ्याचजणी अंगठेबहाद्दर. दुपारची भांडी झाली की चहाच्या आधी तास-दीड तास मोकळा असतो. त्या वेळात त्यांना लिहायला-वाचायला शिकवायचं. ही कल्पना मला आईवरून सुचली, हे उघड आहे. घरात निळ्या कोटातली तसबीर, तिच्यापुढं रोज मेणबत्ती, आणि मेणबत्ती लावणाऱ्या हाताला सही येत नाही, हे आईला फार लागायचं. पगाराच्या दिवशी शाईचा डाग ती चुलीच्या राखेनं घासून काढायची, मला दिसू नये म्हणून. मला दिसायचाच.

तास बघणारे मार्टिन सर होते. वेल्सचे, उंच, सरळ स्वभावाचा माणूस. त्यांना कल्पना एवढी आवडली की ते खुर्चीतून उठलेच. मी यादी पुढं केली. पहिलंच नाव आईचं. सरांनी विचारलं, “ही कोण?” मी सांगितलं. ते जरा अवघडले आणि म्हणाले, “मग एक अडचण आहे. घरच्या माणसासाठी केलेलं काम सेवेत धरत नाहीत. नियम आहे. तू दुसऱ्या कुणालाही शिकव, ते तास धरू.” नियमात चूक काही नाही, हे मला आजही मान्य आहे. नाहीतर प्रत्येकानं आपल्या धाकट्या भावाचा अभ्यास घेऊन दीडशे तास भरले असते. मी अदलाबदल केली. मी घेतली मेसमधलीच पारूमावशी, आणि आई दिली लुसियाला, तिलाही सेवेचे तास भरायचे होते. “तुला मी घरी शिकवीन, रविवारी,” मी आईला म्हणाले. आईला उलट आनंद झाला. म्हणाली, “मंग तुज्याकडंच पयलं शिकते. त्या पोरीपुढं येकदम आडानी कशी बसू? चार आक्षरं आली की जाईन तिच्याकडं.”

तिनं पौडच्या बाजारातून पाटी आणली, लाकडी चौकटीची. रविवारी जेवणं झाली की पडवीत बसायचं. तिचा हात पोळपाटाला सरावलेला, पेन्सिल तिच्या बोटांत काडी धरल्यासारखी. पहिल्या रविवारी ‘त’ आला, कारण तो तिच्या नावातला. तिनं तो एवढा मोठा काढला की पाटी भरली. आम्ही दोघी हसलो. आबांनी पाटी हातात घेऊन उजेडात धरली आणि परत दिली. दुसऱ्या-तिसऱ्या रविवारी ‘र’, ‘म’, ‘स’. मग काने आणि वेलांट्या आल्या आणि गाडी अडली. ती ‘की’ला पहिली वेलांटी द्यायची, ‘कि’ला दुसरी. मी सांगायची, पुसायची, पुन्हा सांगायची. ती पुन्हा तेच करायची. माझ्या डोक्यात त्या वेळी रसायनाच्या प्रयोगांची वही, निबंधाचा कच्चा खर्डा, इंग्रजीची तोंडी परीक्षा, सगळं एकदम घोंगावत होतं. सहा बाजूंनी ओढ होती.

त्या रविवारचं मला सगळं आठवतं. पडवीत वाळत घातलेली सुकट, तिच्यावर घोंगावणाऱ्या माशा, शेजारच्या घरात रेडिओ. आईनं पाचव्यांदा तीच वेलांटी चुकवली. मी तिच्या हातातून पेन्सिल ओढून घेतली आणि म्हणाले, “अगं, एवढं साधं कसं येत नाही तुला? माझा रविवार जातोय. आणि तुझ्यावर घातलेले हे तास तर कुठं धरतसुद्धा नाहीत.”

आई रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. मग तिनं पदराच्या टोकानं पाटी पुसली आणि विचारलं, “कसलं तास?” मी चिडक्या सुरातच तिला सगळं सांगितलं. दीडशे तास, फाईल, घरच्या माणसाचं धरत नाहीत. “मंग मला आदी का न्हाई सांगितलंस? उगा तुजा येळ खाल्ला मी,” ती म्हणाली. ते ती टोमणा म्हणून बोलली नाही, तिला खरंच तसं वाटलं. ती उठली, सुकट हलवून आली, तांदूळ निवडायला घेतले. मी माझं दप्तर घेऊन टेकडी चढले. वाटेत दोनदा थांबले, वळले नाही. परत जाऊन तिला मिठी मारायला मला पाच मिनिटं लागली असती. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला ती पाच मिनिटं सापडत नाहीत, आणि नंतर आयुष्यभर ती तीच शोधत बसते.

त्यानंतर पाटी माझ्यासमोर निघाली नाही. पुढच्या आठवड्यात आई मेसच्या लांब टेबलाशी लुसियासमोर जाऊन बसली. मी दोन बाकं सोडून पारूमावशीला शिकवत होते आणि माझा एक कान तिकडं. लुसियाला मराठी येत नव्हतं, आईला हिंदी बेताचं. पण लुसिया स्वतः अजून वेलांटीला चुकत होती. तिनं वहीत ‘पिठ’ लिहिलं. आईनं बोट ठेवलं, “ह्ये आसं न्हाई, दुसरी हाय. सुजा सांगती.” माझंच शिकवलेलं ती तिला शिकवत होती! लुसियानं खोडलं, दोघी खिदळल्या. मग आई चुकली, परत दोघी खिदळल्या. मी आईला इतक्या मोकळेपणानं हसताना कधी घरीसुद्धा पाहिलं नव्हतं. मला मत्सर वाटला, अगदी साधा मत्सर. पारूमावशी म्हणाली, “बाय, माज्याकडं बग की. तुजी आय कुटं पळून चालली न्हाई.”

दिवस जात राहिले. लुसिया रविवारी आमच्या घरी यायला लागली. आईनं तिला भाकरी थापायला शिकवलं. तिची भाकरी कडेला फाटायची, आई ती फाटकी भाकरी स्वतः खायची आणि आपली तिला द्यायची. मी त्या वेळी कोपऱ्यात पुस्तक उघडून बसलेली असायची. मला बोलवायची आई, “सुजा, ये की,” आणि मी म्हणायची, “झालंच.” तिला माझा राग आलेला नव्हता. मीच माझ्या बोलण्याशी अडून बसले होते. माफी मागायची म्हणजे ते वाक्य पुन्हा उच्चारावं लागणार, आणि ते तोंडातून काढण्याइतकं धैर्य मला झालं नाही. आमच्या घरात माफी मागायची पद्धतच नव्हती. चूक झाली की चहा करून द्यायचा, समोरच्यानं प्यायचा, संपलं. पण मी चहासुद्धा केला नाही.

दुसरं वर्ष संपत आलं. परीक्षांच्या आधी फाईली पुऱ्या करायच्या होत्या. सेवेच्या कागदावर शेवटी एक मोकळी चौकट असे. ज्यांच्यासाठी काम केलं त्यांनी त्यात चार शब्द लिहायचे, लिहिता येत नसेल तर सांगायचं आणि दुसऱ्यानं उतरवून घ्यायचं. मार्टिन सर स्वतः मेसमध्ये आले, दुपारी, भांडी झाल्यावर. बायका पदर सावरून रांगेत बसल्या. पारूमावशीनं माझ्या कागदावर सही केली आणि खाली ‘पोरगी गुनाची आहे’ एवढं लिहिलं, जिभेचं टोक बाहेर काढून. माझे तास तोपर्यंत दीडशेच्या वर गेले होते. मला आता कशाचीच गरज नव्हती, हे लक्षात ठेवायला हवं.

मग लुसियाचा कागद आईपुढं आला. आईनं पेन घेतलं. ती इतकी सावकाश लिहीत होती की सर दोनदा घड्याळाकडं बघून पुन्हा अदबीनं हात मागं बांधून उभे राहिले. मी शेजारी उभी होते, कारण मराठीचं इंग्रजी करून सरांना सांगायचं काम माझ्याकडं होतं. आई लिहिता लिहिता हातानं आडोसा करत होती, वर्गातली लहान मुलं करतात तसा. शेवटी तिनं कागद माझ्याकडं सरकवला. माझ्या आईनं आयुष्यात लिहिलेला तो पहिला मजकूर. तिच्या बोलीत, तिच्या अक्षरात, ओळी खाली खाली उतरत गेलेल्या:

‘लुसिया रागवत नाई. ती चुकली की आमी दोगी हसतो. तिला मी भाकरी शिकवली. सुजा माजी लेक हाय. पयलं तिनं शिकवलं. तिचे तास पन धरा.’

मी सरांना पहिली तीन वाक्यं इंग्रजीत सांगितली. लुसियानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. सर म्हणाले, “सुंदर. पण हे त्याहून लांब दिसतंय. पुढं काय आहे?”

मी कागद जवळ घेतला. ‘पयलं तिनं शिकवलं’ हे मला दिसत होतं आणि त्यामागं पडवीतला तो रविवारही दिसत होता. वाटलं, हे सांगितलं तर सरांना वाटेल की मीच आईकडून लिहवून घेतलं, नियम माहीत असूनही. वाटलं, ते नाही म्हणतील, आणि ते नाही आईसमोर मलाच मराठीत सांगावं लागेल. पण खरं कारण यातलं एकही नव्हतं. मी त्या वाक्याला लायक नव्हते, आणि ते माझ्या तोंडानं मोठ्यानं म्हणणं मला जमलं नाही.

“पुढं आभार मानलेत,” मी म्हणाले.

सर हसले. त्यांनी वाकून आईशी हात मिळवला, कागदावर सही केली आणि पुढच्या बाईकडं वळले. आईनं ओला नसलेला हात पदराला पुसला. तिचे डोळे सरांच्या चेहऱ्यावरून माझ्या चेहऱ्यावर आले.

“वाचलं न्हवं समदं?”

“वाचलं.”

“मंग? काय म्हन्ले? धरत्यात का?”

“धरतात,” मी म्हणाले.

आई एवढी हसली की तिच्या गालाला लागलेलं पीठ मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. मला पुसावंसं वाटलं, पण मेसमध्ये ती मावशी होती. ती घाईघाईनं आतल्या खोलीत गेली, जिथं बाकीच्या बायका रात्रीची कणीक मळायला बसल्या होत्या, आणि परातींच्या आवाजातूनही तिचा आवाज मला बाहेर स्पष्ट ऐकू आला.

“पारू, आगं ए पारू! माज्या सुजाचं बी धरलं!”